भोवरा, पडदा आणि काच

माझ्या कामाच्या टेबलावर एक कृत्रिम क्षितिज आहे. नाव भारदस्त असले तरी वस्तू तळहाताएवढी, काळ्या डब्यातली. पुढे गोल काच, काचेआड वर निळा आणि खाली तपकिरी भाग, मधे एक पांढरी रेघ आणि रेघेपुढे विमानाची चिमुकली खूण. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात, मोटारींचे मीटर आणि मोडकी घड्याळे यांच्या ढिगात ते मला सापडले. विकणाऱ्याच्या मते ते बोटीवरचे होते. मी वाद घातला नाही. एसटीच्या तिकिटापेक्षा कमी पैशांत ते कोल्हापूरला आले.

मी वैमानिक नाही आणि शिकलेला इंजिनिअरही नाही. शिवाजी उद्यमनगरात गेली तीस वर्षे दाबमापक, तापमापक आणि त्यांचे भाऊबंद दुरुस्त करतो. बहुतेक माल साखर कारखान्यांचा. विमानांचा नाद मात्र त्याहून जुना. १९३९ साली छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात सुरू झालेला उजळाईवाडीचा विमानतळ माझ्या लहानपणी जवळजवळ ओसाड होता. रविवारी सायकलीने तिथे जायचे आणि एखादे विमान उतरते का म्हणून वाट बघायची, हा आमचा उद्योग. बहुतेक वेळा म्हशी दिसायच्या. पुढे शब्दकोश शेजारी ठेवून अपघातांचे चौकशी अहवाल वाचायची सवय लागली. काही जण रहस्यकथा वाचतात, तसे मी अहवाल वाचतो.

या वाचनातून उभा राहिलेला एक प्रश्न इथे मांडायचा आहे. गेल्या वीस-बावीस वर्षांत चार आसनी लहान विमानांतली गोल तबकडीची उपकरणे गेली आणि त्यांच्या जागी संगणकाचे पडदे आले. याला ‘ग्लास कॉकपिट’ म्हणतात. ढगात, पावसात, रात्री, म्हणजे बाहेरचे काही दिसत नसताना वैमानिक केवळ या पडद्यांच्या भरवशावर उडतो. मग तो तबकड्यांच्या काळापेक्षा जास्त भरवशाच्या हातात आहे का?

मुळात क्षितिज विकत का घ्यावे लागते, तिथून सुरुवात करू. डोळे मिटले तरी आपण तिरके झालो की आपल्याला कळते, असे प्रत्येकाला वाटते. माझ्या वर्कशॉपात एक फिरती खुर्ची आहे. तिच्यावर कुणालाही डोळे मिटून बसवावे आणि एकाच वेगाने संथ फिरवत राहावे. थोड्या वेळाने तो सांगतो, खुर्ची थांबली. मग खुर्ची खरोखर थांबवावी, तर तो म्हणतो, आता उलटी फिरायला लागली. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांतले द्रव फक्त वेगातला बदल सांगते. सावकाश सुरू झालेले आणि एकसारखे चाललेले वळण त्याला कळत नाही. विमानात याचा अर्थ असा, की ढगात शिरलेला वैमानिक हळूहळू एका अंगाला कलतो, वळत वळत खाली घसरतो आणि आपण सरळ चाललो आहोत अशी त्याची खात्री असते. १९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या वीस वैमानिकांना असे ‘आंधळे’ करून पाहिले. विसांच्या विसांचा ताबा सुटला. सरासरी वेळ लागला १७८ सेकंद. तीन मिनिटेसुद्धा नाहीत.

याच्यावर तोड निघाली ती भोवऱ्यातून. वेगाने फिरणारा भोवरा आपला आस सोडत नाही, हे गल्लीतल्या पोरालाही ठाऊक असते. विमान कसेही कलंडो, आतला भोवरा ताठ राहतो आणि त्याला जोडलेली रेघ खऱ्या क्षितिजाशी समांतर राहते. २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटल यांनी कॉकपिटवर झाकण ओढून घेऊन, बाहेरचे काहीही न बघता विमान उडवले, फिरवले आणि उतरवले. समोर होते स्पेरी यांचे कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक भोवरा, आणि कोल्समन यांचा उंचीमापक. दुसऱ्या आसनावर सावधगिरी म्हणून बेन केल्सी बसले होते, पण त्यांना दांड्याला हात लावावा लागला नाही.

आपल्याकडे तीन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराची ते मुंबई टपाल आणले ते एका इंजिनाच्या पुस मॉथमधून. रेडिओ नव्हता, वाट दाखवणारे काही नव्हते. पावसाळ्यात जुहूची जमीन पाण्याखाली जाई, तेव्हा हा सारा संसार पुण्याला येरवड्यात हलवावा लागे. डोळ्यांना दिसले तर जायचे, हा नियम आपल्याकडे फार काळ टिकला. खुद्द उजळाईवाडीला कित्येक वर्षे वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसली तरच उतरता येत होते.

आता माझ्या टेबलावरच्या डब्याकडे वळतो. लहान विमानात हा भोवरा हवेवर फिरतो. इंजिनाला जोडलेला पंप डब्यातली हवा ओढतो, बाहेरची हवा झोताने आत शिरते आणि भोवऱ्याच्या खाचांवर आपटून त्याला मिनिटाला हजारो फेरे देते. पंपाच्या आतली पाती कार्बनची. ती झिजतात, आणि बहुतेक वेळा काही न सांगता तुटतात. पंप मेला तरी भोवरा लगेच मरत नाही. तो काही मिनिटे फिरत राहतो, मंदावतो आणि मग सावकाश कलायला लागतो. रेघ कलते. वैमानिकाला वाटते विमान कलले, म्हणून तो ते ‘सरळ’ करतो. म्हणजे सरळ चाललेले विमान तो स्वतःच्या हाताने तिरके करतो. बिघडलेले उपकरण बंद पडत नाही, खोटे बोलते. आणि ते इतक्या हळू आवाजात बोलते, की खोटे कुठून सुरू झाले ते कळत नाही.

जुन्या कारागिरांना याची जाण होती. म्हणून लहान विमानात क्षितिज हवेच्या पंपावर आणि वळणदर्शक विजेवर, अशी विभागणी केलेली असे. दोन साक्षीदार दोन वेगळ्या गावांचे. एकमेकांना फितूर होण्याची शक्यता कमी. पण दोघांची जबानी ताडून बघणारा न्यायाधीश एकच, खुर्चीत बसलेला माणूस. त्याची गडबड झाली तर काय होते, याचे उदाहरण आपल्या मुंबईच्या किनाऱ्यावर आहे.

१ जानेवारी १९७८. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो आणि आकाशवाणीच्या बातम्या ऐकताना वडिलांनी रेडिओचा आवाज मोठा केला होता, एवढे आठवते. एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७, कंपनीचे पहिले जंबो, रात्री सांताक्रूझहून दुबईला निघाले. पुढे समुद्र, काळोख, क्षितिज नाही. विमानाने उजवीकडे हलके वळण घेतले आणि ते पुन्हा सरळ झाले. कॅप्टनपुढचे क्षितिज मात्र विमान अजून उजवीकडेच कललेले दाखवत राहिले. त्याने दांडा डावीकडे वळवला. रेघ हलेना, म्हणून आणखी डावीकडे. सहवैमानिकापुढे वेगळे क्षितिज होते, शिवाय मधे राखीव तिसरे होते. आवाजाच्या फितीत कॅप्टन आपल्या उपकरणाला काय झाले असे विचारतो, सहवैमानिक आपलेही कलंडले असे सांगतो, आणि फ्लाइट इंजिनिअर त्याच्यावर जाऊ नका असे बजावतो. तोवर विमान नव्वद अंशांच्याही पलीकडे डावीकडे कलंडले होते. उड्डाणानंतर दीड-पावणेदोन मिनिटांतच ते वांद्र्याच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर समुद्रात कोसळले. २१३ माणसे होती, कुणीही वाचले नाही.

सहवैमानिक ‘माझेही कलंडले’ म्हणाला, या वाक्यापाशी मी अनेकदा थांबलो आहे. त्याचे उपकरण बहुधा खरेच सांगत होते. विमान खरोखर कलंडलेले होते! एकाचे उपकरण खोटे आणि दुसऱ्याचे खरे, पण दोघांनी शब्द एकच वापरला, आणि दोन्ही साक्षी एकमेकींना दुजोरा देतात असे भासले. न्यायमूर्ती चांदूरकर यांच्या चौकशीने दोष ठेवला तो क्षितिज बिघडल्यावर कॅप्टनने केलेल्या चुकीच्या हालचालींवर आणि इतर उपकरणांच्या आधारे विमान न सावरण्यावर. अमेरिकेत विमान आणि उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांवर दावे झाले. १९८५ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने ते फेटाळले. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण मिटले. माझ्या धंद्याच्या दृष्टीने ते मिटत नाही. तीन क्षितिजे असलेल्या, शिकलेल्या माणसांनी भरलेल्या कॉकपिटात असे होते, तर एकटा माणूस, एक भोवरा आणि कार्बनची पाती यांच्यावर चालणाऱ्या लहान विमानाची काय कथा?

पडद्यांचा जन्म या काळजीतून झाला असे म्हणणे जरा उदार होईल. अमेरिकेत २००३-०४च्या सुमारास सिरस, सेसना, डायमंड या कंपन्यांनी लहान विमानांत ॲविडाइन आणि गार्मिन यांचे पडदे बसवायला सुरुवात केली. बाजाराने ते उचलले. २००६ पर्यंत नव्या पिस्टन इंजिनाच्या लहान विमानांपैकी ९० टक्क्यांहून अधिक विमाने पडद्यांची होती. आत भोवरा नाही. नखाएवढे संवेदक विमानाचे कलणे आणि वळणे मोजतात, एक संगणक गणित करतो आणि पडद्यावर निळे आभाळ आणि तपकिरी जमीन रंगवतो. पाती नाहीत, पंप नाही, झिजायला काही नाही. माझ्यासारख्याला तिथे काम नाही.

यातला मोठा गुण असा, की हा पडदा खोटे बोलण्यापेक्षा गप्प बसणे पसंत करतो. आकडे जुळेनासे झाले की तो त्या जागी लाल फुली मारतो. कलत जाणाऱ्या भोवऱ्यापेक्षा ही फुली कितीतरी प्रामाणिक आहे. दुसरा गुण नकाशाचा. ७ जुलै १९६२च्या पहाटेपूर्वी अलितालियाचे डीसी-८ विमान मुंबईला उतरायला येत असताना जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि ९४ जण गेले. पावसाळी रात्र, आणि वैमानिकाची समजूत अशी, की आपण मुंबईच्या बरेच जवळ आलो आहोत. त्याचे क्षितिज ठीक होते, चुकला तो जागेचा अंदाज. आज शिकाऊ वैमानिकाच्या चार आसनी विमानातही पडद्यावर सह्याद्री उठून दिसतो आणि पुढचा डोंगर आपल्या उंचीला आला की लाल होतो. ‘मी कुठे आहे?’ या प्रश्नाचे इतके स्वच्छ उत्तर पूर्वी कुणाकडेही नव्हते. जुन्नरचा अपघात या पडद्याने टाळला असता, असे मी छातीठोकपणे म्हणेन. वांद्र्याचा टाळला असता का, तिथे मी अडखळतो.

कारण पडद्यामागे जाऊन पाहिले तर साक्षीदार एकाच घरात राहायला आलेले दिसतात. लहान विमानात साधारणपणे पडदे दोन, पण कलणे मोजणारा संच एकच. एक पडदा गेला तर सारे चित्र दुसऱ्यावर घेता येते. संच गेला तर दोन्ही पडद्यांवर एकच फुली. वीज दोघांनाही त्याच घरची. आणि हवेचा दाब घेणारी पिटो नळी तर शंभर वर्षांपूर्वीचीच. पंखाखाली पुढे तोंड करून असलेल्या या नळीत पावसाचे पाणी जाते, बर्फ साचतो, आणि आपल्याकडे कुंभारीण माशी चिखलाचे घर बांधते. तबकडीच्या विमानात ही नळी तुंबली तर फक्त वेग चुकतो. बाकीच्या तबकड्या आपापल्या जागी शाबूत राहतात. पडद्याच्या एका पद्धतीत मात्र नळी तुंबताच वेग, उंची आणि चढउताराचा दर, तिन्ही एकदम नाहीसे झाल्याची नोंद आहे. संगणकाला एक आकडा पटला नाही, म्हणून त्याने तिघांनाही बाहेर काढले.

ही नोंद अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या मार्च २०१०च्या अभ्यासात आहे. या विषयावर मी वाचलेला सर्वांत प्रामाणिक कागद हा. २००२ ते २००६ या काळात बनलेली आठ हजारांहून अधिक लहान विमाने त्यांनी घेतली, त्यांचे २६६ अपघात तपासले. त्यांतले ६२ प्राणघातक होते. निष्कर्ष विचित्र निघाला. पडद्यांच्या विमानांचे एकूण अपघात किंचित कमी, पण प्राणघातक अपघात जास्त. २००६ आणि २००७ या दोन वर्षांत दर लाख उड्डाणतासांमागे पडद्यांच्या विमानांचे प्राणघातक अपघात १.०३ आणि तबकड्यांच्या विमानांचे ०.४३.

हा आकडा हातात घेऊन पडद्यांना शिव्या घालणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी पुढचे पान वाचलेले नसते. तबकड्यांची विमाने जास्त करून शिकवण्यासाठी वापरली जात होती. जवळच्या जवळ, स्वच्छ दिवशी, आणि अपघात झाले ते उतरताना-उडताना चाके आपटून. पडद्यांची विमाने लांबच्या प्रवासाला, खाजगी कामाला, ढगात जात होती. मग तुलना कशाची कशाशी? अर्धी गोष्ट तिथे मिटते. उरलेली अर्धी अशी, की डोक्यावरचे ढग बघून पूर्वी जो माणूस ‘आज नको’ म्हणाला असता, तो पडद्याकडे बघून निघतो. हे मंडळाचे शब्द नाहीत, माझा तर्क आहे. मंडळाने बोट ठेवले ते दुसऱ्या गोष्टीवर. हे पडदे कसकसे निकामी होतात याची पुरेशी माहिती वैमानिकांना दिली जात नाही, एका कंपनीचा पडदा शिकलेल्याला दुसरीचा येईलच असे नाही, आणि बिघाडाचा सराव देण्याची सोयही अपुरी आहे.

हे वाचले तेव्हा मला विमान नव्हे, एका साखर कारखान्याचे बॉयलर हाउस आठवले. कारखान्याचे नाव सांगत नाही. साल २००४ किंवा २००५. माझ्याच हातांनी सांभाळलेल्या तबकड्या काढून तिथे पडदे बसवले होते, आणि मी शेवटचे काही मापक परत करायला गेलो होतो. पडद्यावर ड्रममधल्या पाण्याची पातळी निम्म्यावर, रेघ सरळ, हिरवी. इतकी सरळ, की तीच खटकायला हवी होती. मी कौतुकाने बघत उभा होतो. कागलकडचा एक जुना बॉयलर अटेंडंट मागून म्हणाला, “पावणं, त्या पडद्याचं काय ऐकू नगासा. पानी जरा तरी हालतं का न्हाई? वर चढून काच बघून या.” बॉयलरच्या ड्रमला काचेची उभी नळी असते आणि पाणी तिच्यात प्रत्यक्ष दिसते. पडदे कितीही बसवा, ती ठेवावीच लागते. मी चढलो. काचेत पाणी तळाला होते. दाब पडद्यापर्यंत नेणारी बारीक नळी गाळाने तुंबली होती आणि संगणक तुंबलेला आकडा इमानदारीने रंगवत होता. त्याला फुली मारण्याजोगे काही वाटलेच नव्हते. ओरडाओरड झाली, आग काढली. तिथे त्या वेळी सात-आठ माणसे होती. त्यांत मी एक.

पडद्यांच्या लहान विमानातही अशी काच ठेवली होती. पडद्यांच्या मधे किंवा खाली तीन लहान तबकड्या: क्षितिज, वेग, उंची. जुन्या पद्धतीच्या, संगणकाशी काही संबंध नसलेल्या. आपल्या गोंदियाच्या बिरसी विमानतळावर राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेत डायमंड कंपनीची डीए-४० आणि डीए-४२ विमाने गार्मिनच्या पडद्यांसह आली, तेव्हा महाराष्ट्रातल्या मुलांची एक पिढी पहिल्या दिवसापासून पडद्यावर शिकायला लागली. अलीकडे मात्र या तीन तबकड्याही जाऊ लागल्या आहेत. त्यांच्या जागी स्वतःची बॅटरी असलेला छोटा राखीव पडदा बसतो. २०१६ पासून जुन्या विमानांतही असे पडदे बसवायला परवानगी मिळू लागली, आणि हवेचा पंपच काढून टाकण्याची सोय झाली. वीज वेगळी, संवेदक वेगळा, हे मान्य. कार्बनच्या पात्यांपेक्षा त्याचा भरवसा जास्त, हेही मान्य. पण जात एकच. एकाच तऱ्हेच्या विचाराने बनवलेली दोन यंत्रे एकाच तऱ्हेने चुकू शकतात, ही शंका माझ्या मनातून जात नाही. आणि पिटो नळी अजून तीच आहे.

गेल्या मे महिन्यात एका मित्राची मुलगी सुट्टीला कोल्हापूरला आली होती. वैमानिकाचे शिक्षण घेते, शंभरच्या वर तास झालेत. तिने आयुष्यात तबकड्यांचे विमान उडवलेले नाही. मी तिला विचारले, पडदा गेल्याचा सराव कसा करतात? म्हणाली, “सर पडद्याचा उजेड एकदम कमी करतात काका, आणि म्हणतात, आता उडव.” मग मी विचारले, पडदा न जाता चुकीचे दाखवू लागला, याचा सराव? ती थोडी विचारात पडली आणि म्हणाली, तसा नाही केला कधी.

मी जुन्या बाजारातले क्षितिज काढले, व्हॅक्यूम क्लीनरची नळी त्याच्या मागच्या तोंडाला लावली आणि भोवरा फिरवला. डबा हातात धरून ती कलवत होती, रेघ जागची हलत नव्हती. तिला मोठी गंमत वाटली. मी म्हटले, आता पंप बंद करतो, रेघ कधी कलते ते सांग. डबा टेबलावर सपाट ठेवला आणि बटन बंद केले. ती टक लावून बसली. एक मिनिट झाले, दोन झाली, रेघ ताठ. तेवढ्यात आतून चहा आला. तिच्या परीक्षांचा विषय निघाला, बिरसीच्या उन्हाचा निघाला. चहा संपवून आम्ही दोघांनी एकदमच डब्याकडे पाहिले. रेघ चांगली वीस-पंचवीस अंश डावीकडे गेली होती.

“कधी गेली?” तिने विचारले.

मला ठाऊक नव्हते. तिने कप बाजूला ठेवला आणि म्हणाली, “काका, परत एकदा लावा.”